प्रकरण सातवे : अणूची मोजदाद

१. अव्वल कारकुनांची शंका

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी, तेथील वाचनालयाच्या व्याख्यानमालेत, अणुशक्तीविषयी चार गोष्टी सांगण्याचा योग आला होता. व्याख्यान संपून अध्यक्ष समारोपाला उठणार इतक्यात मागच्या बाकावरून एक वृद्ध गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, बाँबची कृती आता कॉलेजच्या पुस्तकांत छापलेली असते असं तुम्हीच सांगितलंत. मग जगात पावणेदोनशेच्या वर देश असताना बाँब नऊ जणांकडेच कसा? बाकीच्यांना अक्कल नाही, की पैसा नाही?" मामलेदार कचेरीच्या पुरवठा शाखेतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ आयुष्यभर धान्याच्या गोदामांचे हिशेब तपासत आलेले होते हे मला मागाहून कळले, आणि आपण त्यांना दिलेले उत्तर किती तोकडे होते हे परतीच्या एस.टी.त बसल्यावर ध्यानात आले. प्रस्तुत प्रकरण म्हणजे त्या उत्तराची पुरवणी होय.

त्यांची शंका निराधार नव्हती. १९६३ च्या मार्चमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी पत्रकारांपुढे अशी भीती बोलून दाखविली होती की, पुढच्या दशकात अण्वस्त्रधारी राष्ट्रांची संख्या १५, २०, किंबहुना २५ पर्यंतही जाईल. त्या भाकिताला सहा दशके लोटली तरी आकडा ९ च्या पुढे सरकलेला नाही : अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स, चीन, भारत, पाकिस्तान, उत्तर कोरिया, आणि आपल्यापाशी बाँब आहे असेही न म्हणणारा व नाही असेही न म्हणणारा इस्राएल. या मर्यादेचे सगळे श्रेय करारांच्या पदरात घालणे भाबडेपणाचे होईल; पुष्कळ राष्ट्रांना बाँबची गरजच भासली नाही, जपान व जर्मनी यांच्यासारखी काही अमेरिकेच्या छत्राखाली निर्धास्त राहिली, आणि ज्यांच्या मनात इच्छा होती त्यांतील काहींचा हात बड्यांनी वेळीच धरला. तथापि या सर्व कारणांच्या तळाशी एक हिशेबाची व्यवस्था गेली अनेक दशके मुकाट्याने चालत आलेली आहे, आणि ती समजून घ्यावयाची तर प्रथम बाँब ज्यापासून होतो त्या जिन्नसाकडे वळले पाहिजे.

२. हजारातले सात

पुरणपोळीची कृती तोंडपाठ असलेल्या सुगरणीच्या घरी हरभऱ्याची डाळच नसेल तर तिची विद्या काय कामाची? बाँबची गोष्ट तशीच आहे. त्याची कृती कुलपात ठेवण्याचा काळ केव्हाच मागे पडला. कुलपात ठेवता येते ती डाळ, आणि ती दोनच प्रकारची असते.

पहिला प्रकार युरेनियमचा. खाणीतून निघणाऱ्या युरेनियमचे अणू मुख्यतः दोन जातींचे असतात, एकाचा भार २३८ आणि दुसऱ्याचा २३५. बाँबच्या कामाची जात ती २३५ ची, आणि ती हजार अणूंत अवघी सात. तांदळातले खडे निवडताना निदान रंग वेगळा म्हणून ते नजरेस पडतात. इथे खडा आणि तांदूळ यांचा रंग एक, गुणधर्म एक, रासायनिक वागणूक एक, आणि भेद काय तो वजनाचा, तोही शंभरास जेमतेम सव्वा. म्हणून युरेनियमचे संयुग वायुरूप करून ते अतिवेगाने गरगरणाऱ्या उभ्या नळकांड्यांत सोडतात. या नळकांड्यांना सेंट्रिफ्यूज म्हणतात. दूध डेअरीतील साय काढण्याच्या यंत्रात हलकी साय मध्याकडे व जड दूध कडेकडे सरते, त्याच न्यायाने येथे हलका अणू मध्याकडे राहतो. मात्र एका नळकांड्यात पडणारा फरक इतका सूक्ष्म असतो की, तोच वायू एकामागून एक अशा शेकडो-हजारो नळकांड्यांतून फिरवत न्यावा लागतो. यालाच युरेनियमचे समृद्धीकरण म्हणतात.

आता थोडा हिशेब करू, आणि सोयीसाठी गळती शून्य धरू. सुपात १००० दाणे घेतले, त्यांतले ७ कामाचे. वीज निर्माण करणाऱ्या भट्टीला साधारणतः शेकडा ४ या प्रमाणाचे इंधन पुरते. म्हणजे ते ७ दाणे राखून एकूण १७५ उरेपर्यंत पाखडायचे, ८२५ दाणे सुपाबाहेर गेले. शेकडा २० चे प्रमाण हवे असेल तर एकूण ३५ उरले पाहिजेत, म्हणजे आणखी १४० बाहेर. आणि बाँबला लागणारे शेकडा ९० हवे असेल तर उरावेत सुमारे ८. म्हणजे आता बाहेर टाकायचे राहिले फक्त २७. ज्याने विजेच्या इंधनापर्यंत मजल मारली त्याचे बहुतेक पाखडणे उरकलेले असते, ही साधी गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे इराणविषयीच्या वार्तांमधील आकडे बोलू लागतात. २०१५ च्या करारान्वये इराणने शेकडा ३.६७ च्या पुढे जाऊ नये असे ठरले होते. २०१८ मध्ये अमेरिकेने त्या करारातून अंग काढून घेतले. आणि २०२१ मध्ये इराण शेकडा ६० वर जाऊन पोहोचला. आपल्या सुपाच्या भाषेत ६० म्हणजे १२ दाणे. बाँबपर्यंत पोहोचण्यास आणखी टाकायचे किती, ते वाचकांनीच मोजावे.

दुसरा प्रकार प्लुटोनियमचा. तो खाणीत सापडत नाही. अणुभट्टीत २३८ भाराच्या युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा झाला की त्यातील काही अणूंचे पुढे प्लुटोनियम होते, आणि जळालेले इंधन आम्लात विरघळवून ते वेगळे काढता येते. विजेची भट्टी आणि बाँबचा कारखाना यांच्यामध्ये भिंत नसून पडदा आहे असे जे म्हणतात ते यामुळेच.

आंतरराष्ट्रीय तपासनिसांनी आपल्या हिशेबासाठी एक माप ठरवून घेतले आहे : एका बाँबच्या दृष्टीने दखल घेण्याजोगा साठा म्हणजे प्लुटोनियम ८ किलो, किंवा शेकडा २० वा अधिक समृद्ध युरेनियमातील २३५ जातीचा भाग २५ किलो. हे दोन्ही धातू शिशाहूनही पुष्कळ जड असल्यामुळे ८ किलो प्लुटोनियम घनफळाने दोन-तीन फुलपात्रांत मावावे इतकेच असते, आणि २५ किलो युरेनियमाला मध्यम आकाराचा तांब्या पुरतो.

३. मिरासदार आणि उपरी

एवढासा जिन्नस जगभर राखावयाचा, तर राखणदार कोण? अगदी आरंभी, १९४६ मध्ये, अमेरिकेने संयुक्त राष्ट्रांपुढे अशी योजना मांडली होती की, खाणीपासून भट्टीपर्यंत सारा अणुव्यवहार एका आंतरराष्ट्रीय प्राधिकरणाच्या ताब्यात द्यावा आणि मग आपण आपले बाँब मोडू. रशियाचे म्हणणे, आधी मोडा आणि मग ताबा मागा. या "आधी तुम्ही, आधी तुम्ही" मध्ये योजना बुडाली. त्यानंतर १९५३ च्या डिसेंबरात अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत शांततेसाठी अणू ही घोषणा केली, तिच्यातून १९५७ मध्ये व्हिएन्ना येथे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था उभी राहिली, आणि अणुविद्या वाटण्याचे व तिच्यावर नजर ठेवण्याचे असे दोन्ही अधिकार एकाच कचेरीकडे आले.

अण्वस्त्रांच्या प्रसारबंदीच्या कराराचा उगम मात्र बड्यांच्या दरबारात झालेला नाही. आयर्लंडचे परराष्ट्रमंत्री फ्रँक एकन यांनी १९५८ पासून आमसभेत हा विषय लावून धरला आणि १९६१ मध्ये त्यांचा ठराव एकमताने संमत झाला. बाँबचा मालक होण्याची दूरान्वयानेही शक्यता नसलेल्या एका लहान देशाने हे काम अंगावर घ्यावे यात मला तरी एक औचित्य दिसते. आणि पुढे १ जुलै १९६८ रोजी करार सहीसाठी खुला झाला तेव्हा पहिली सही आयर्लंडची पडली, हेही उचितच झाले. ५ मार्च १९७० पासून तो अमलात आला. आज १९० हून अधिक राष्ट्रे त्याला बांधलेली आहेत.

त्याची कलमे अकरा. त्यातला सौदा तीन वाक्यांत सांगता येतो. ज्यांच्यापाशी बाँब आहे त्यांनी तो दुसऱ्यास देऊ नये, ज्यांच्यापाशी नाही त्यांनी तो घेऊ वा करू नये आणि आपल्या अणुकेंद्रांची तपासणी करू द्यावी. त्याच्या मोबदल्यात अणूचा शांततामय उपयोग करण्याचा हक्क सर्वांस अबाधित राहील. आणि बाँबवाल्यांनी शस्त्रस्पर्धा थांबविण्याविषयी व निःशस्त्रीकरणाविषयी सद्भावपूर्वक वाटाघाटी कराव्या.

आता "ज्यांच्यापाशी आहे" हे ठरवायचे कसे? कराराच्या नवव्या कलमाने एक रेघ ओढली : १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्याने अणुस्फोट केला तो अण्वस्त्रधारी, बाकीचे सारे बिगर-अण्वस्त्रधारी. अमेरिकेने १९४५ मध्ये, रशियाने १९४९ मध्ये, ब्रिटनने १९५२ मध्ये, फ्रान्सने १९६० मध्ये आणि चीनने १९६४ मध्ये स्फोट केलेला असल्यामुळे हे पाच रेघेच्या अलीकडे आले. जुन्या गावगाड्यात मिरासदार आणि उपरी असा भेद असे. मिरासदाराची जमीन पिढीजाद, उपरी कितीही राबला तरी उपराच. अणुयुगाच्या गावगाड्यात पाच मिरासदार या तारखेने कायम केले. गंमत अशी की, त्या पाचांपैकी फ्रान्स आणि चीन यांनी स्वतः या करारावर १९९२ पर्यंत सहीच केली नाही. सनद हाती होती, कबुलायत मात्र लिहून दिलेली नव्हती.

४. रुजवात

आता त्या अव्वल कारकुनांना जवळच्या अशा भागाकडे येऊ. वखारीची तपासणी करणारा अंमलदार काय करतो? आवक-जावकीचे रजिस्टर मागतो, शिल्लक काढतो, मग पोत्यांच्या थप्प्या प्रत्यक्ष मोजतो, एखादे पोते काट्यावर चढवितो, बंबू खुपसून आतला नमुना पाहतो, आणि कागदावरची शिल्लक व डोळ्यांपुढची शिल्लक यांची रुजवात घालतो. व्हिएन्नाच्या संस्थेचे तपासनीस अणुकेंद्रात जाऊन करतात ते मूलतः हेच. भट्टीत किती इंधनजुड्या आल्या, किती जळाल्या, जळालेल्या किती पाण्याच्या कुंडात ठेवल्या, त्यांतली एकही इकडची तिकडे झाली का, याची मोजदाद ठराविक मुदतीने होत राहते. आणि मोजणीला जी तूट येते तिला "हिशेब न लागलेला माल" असे सरळ नाव आहे. तूट येणे म्हणजे चोरी होणे असे नव्हे. धान्यात जशी घट आणि सांडलवंड असते तशी ती नळांच्या आतल्या बाजूस चिकटलेल्या थरांतही असते. परंतु तूट किती असावी याचा अंदाज बांधलेला असतो, आणि ती त्यापलीकडे गेली की जबाब मागितला जातो.

तपासनीस गावाला निघून गेल्यावर मागे काय होईल? त्यासाठी कॅमेरे, आणि त्यासाठी मोहोर. अनेक दशके वापरात असलेल्या या मोहोरेची करामत जवळून पाहण्याजोगी आहे. नाण्याएवढे तिचे धातूचे टोपण. ज्या पेटीला किंवा झाकणाला बंद करायचे तिच्या कड्यातून तार ओवून तिची टोके या टोपणात अडकवतात आणि ते दाबून मिटवतात, ते मोडल्यावाचून पुन्हा उघडत नाही. पण मोडून दुसरे बसविले तर? म्हणून टोपण पाठविण्यापूर्वी त्याच्या आतल्या अंगावर हाताने वेडेवाकडे ओरखडे काढतात आणि त्या ओरखड्यांचे छायाचित्र व्हिएन्नाच्या दप्तरी ठेवतात. तपासनिसाने मोहोर काढून परत नेली की तिच्या आतले ओरखडे त्या छायाचित्राशी ताडून पाहतात. जगाच्या संहाराचे साहित्य आणि त्याच्यावर पहारा एका नाण्याच्या पोटातल्या ओरखड्यांचा, हे प्रथम वाचले तेव्हा मला काहीसे हसू आले होते. पुढे विचार करता असे वाटू लागले की, मनुष्याने आजवर जेवढ्या पेढ्या आणि खजिने राखले ते याहून फार निराळ्या साधनांनी राखलेले नाहीत.

५. कागदावर नसलेली वखार

व्याख्यानानंतर महिन्याभराने त्या गृहस्थांचे एक पोस्टकार्ड आले. त्यात त्यांनी लिहिले होते की, आपण ज्या गोदामांची तपासणी केली ती सर्व रजिस्टरात नोंदलेली होती. जो व्यापारी खरोखर साठेबाजी करी, तो नोंदलेल्या गोदामात कधी करीत नसे.

या एका वाक्यात सबंध व्यवस्थेचे मर्म आणि वैगुण्य सामावलेले आहे. १९९१ च्या आखाती युद्धानंतर तपासनीस इराकमध्ये शिरले तेव्हा जगाला हाच धडा मिळाला. इराक करारात होता, त्याने घोषित केलेल्या साठ्याची तपासणी नियमाने होत होती, आणि हिशेबही बहुतांशी बरोबर लागत होते. परंतु बगदादजवळच्या तुवैथा येथील ज्या आवारात तपासनीस जात-येत असत त्याच आवारातील न दाखविलेल्या इमारतींत, आणि अन्यत्र सर्वस्वी अघोषित ठिकाणी, युरेनियमच्या समृद्धीकरणाचा खटाटोप चालू होता. तपासनीस दाखविलेली दारे उघडून पाहत होते. न दाखविलेले दार ठोठावण्याचा अधिकार त्यांनी व्यवहारात कधी बजावलेलाच नव्हता.

त्याच सुमारास उत्तर कोरियाच्या बाबतीत निराळा अनुभव आला. आपण एकदाच, आणि तेही सुमारे ९० ग्रॅम, प्लुटोनियम वेगळे काढले असे त्या देशाने १९९२ मध्ये लिहून दिले होते. तपासनिसांनी नमुने आणून तपासले. प्लुटोनियमचा एक प्रकार कालांतराने आपोआप अमेरिसियम या दुसऱ्या धातूत पालटत जातो. ताक किती आंबले यावरून ते केव्हा घुसळले याचा अंदाज घरातली बाई करते, तसा अमेरिसियमच्या प्रमाणावरून प्लुटोनियम केव्हा वेगळे काढले याचा अंदाज प्रयोगशाळेत करता येतो. इथे आंबटपणाच्या पायऱ्या एकाहून अधिक निघाल्या. अर्थात घुसळण एकदा झालेली नव्हती.

या दोन प्रकरणांनंतर संस्थेने तपासणीची पद्धत बदलली. १९९७ मध्ये एक पूरक तहनामा सिद्ध झाला. तो ज्या राष्ट्राने मान्य केला त्याने खाणीपासून सेंट्रिफ्यूजच्या सुट्या भागांपर्यंत तपशीलवार माहिती पुरवावी, आणि तपासनिसांना अल्प मुदतीच्या सूचनेने अन्य ठिकाणीही जाऊ द्यावे. सोबतीला पुसणीची युक्ती आली. स्वच्छ सुती कापडाचा वीतभराहून लहान चौकोन भिंतीवरून, टेबलावरून, दाराच्या मुठीवरून फिरवून पिशवीत बंद करतात आणि व्हिएन्नाजवळच्या साइबर्सडॉर्फ येथील प्रयोगशाळेकडे पाठवितात. फरशी धुतली, भिंतीला रंग काढला, तरी फटीतला धुळीचा एखादा कण राहून जातो, आणि त्यातील युरेनियमचे प्रमाण काय ते त्या कणाला विचारता येते. साक्षीदार फितूर होतो, धूळ होत नाही.

६. तारापूर आणि तुर्भे

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, एकमेकांपासून शंभरेक किलोमीटरांवर, दोन जागा अशा आहेत की या साऱ्या वादाचा पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष त्यांच्याकडे पाहून समजावा.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या साहाय्याने उभारल्या गेल्या आणि १९६९ मध्ये त्यांनी वीज देण्यास प्रारंभ केला. १९६३ च्या करारान्वये त्यांना समृद्ध युरेनियमचे इंधन अमेरिकेने पुरवायचे, आणि त्याच्या बदल्यात तेथील प्रत्येक इंधनजुडीचा हिशेब व्हिएन्नाच्या संस्थेला दाखवायचा. भारताने प्रसारबंदीच्या करारावर कधीही सही केली नाही, तरी तारापूरच्या या दोन भट्ट्यांत परदेशी तपासनीस पूर्वीपासून येत आलेले आहेत. हे कित्येक सुशिक्षितांनाही ठाऊक नसते.

तुर्भे येथील कथा निराळी. तेथे कॅनडाने दिलेली ४० मेगावॉट शक्तीची संशोधन-भट्टी १९६० मध्ये सुरू झाली. तिला लागणारे जड पाणी अमेरिकेने दिले, म्हणून कॅनडा, इंडिया, रिअ‍ॅक्टर आणि यू.एस. यांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव सायरस पडले. तो सौदा १९५६ चा, म्हणजे व्हिएन्नाची संस्था स्थापन होण्याच्याही आधीचा. त्यामुळे त्यात तपासनीस नव्हते, मोहोरा नव्हत्या, भट्टीचा उपयोग शांततामय कामासाठीच केला जाईल एवढे वचन होते. १८ मे १९७४ रोजी पोखरणच्या भूमीखाली भारताने जो स्फोट केला त्याचे प्लुटोनियम या भट्टीतले. भारताची कैफियत अशी की, हा स्फोट शांततामय होता, सबब वचनाचा भंग झालेला नाही. कॅनडाने ती मान्य केली नाही आणि अणुसहकार्य थांबविले. मला विचाराल तर कागदाच्या भाषेत भारताची बाजू अगदीच लंगडी नव्हती, कारण डोंगर फोडण्यास किंवा कालवे खणण्यास अणुस्फोट वापरण्याच्या कल्पना त्या काळी अमेरिका आणि रशिया ही दोन्ही राष्ट्रे गंभीरपणे मांडीत होती, एवढेच नव्हे तर प्रसारबंदीच्या कराराचे पाचवे कलमच अशा स्फोटांविषयी आहे. परंतु शेजारच्याने आपल्या घरात फोडलेला सुतळी बाँब शांततामय होता की कसा, याचा निर्णय ऐकणाऱ्याचे कान करीत असतात.

या स्फोटाची प्रतिक्रिया म्हणून लंडन येथे सात राष्ट्रांचे प्रतिनिधी गुपचूप जमू लागले, आणि त्यातून अणुसाहित्याच्या पुरवठादार देशांचा गट जन्मास आला. कोणती यंत्रे, कोणते धातू, कोणते पंप परदेशी विकण्यापूर्वी खरेदीदाराकडून तपासणीची हमी घ्यायची याची यादी हा गट करतो. दुष्काळात गावच्या सर्व वाण्यांनी मिळून कोणाला उधार द्यायचे नाही हे ठरवावे, तशातला हा प्रकार. त्याची झळ सर्वांत आधी बसली ती ज्याचा काही अपराध नव्हता त्या तारापूरला : अमेरिकेने १९७८ मध्ये नवा कायदा करून इंधनाचा हात आखडता घेतला, आणि १९८२ मध्ये फ्रान्स पुढे आला तेव्हा कुठे भट्ट्या तगल्या.

मे १९९८ च्या पोखरणच्या दुसऱ्या स्फोटमालिकेनंतर निर्बंध आले आणि यथावकाश गेले. सप्टेंबर २००८ मध्ये त्याच पुरवठादार गटाने भारतापुरता आपला नियम शिथिल केला. त्यासाठी भारताने आपल्या भट्ट्यांची वाटणी केली : तेव्हाच्या २२ पैकी १४ तपासणीखाली दिल्या, बाकीच्या दिल्या नाहीत. एकत्र कुटुंबातले वाटप असेच होते. माजघर दाखवायचे, देवघराला कुलूप. तारापूरच्या जुन्या जोडीला तपासनीस पूर्वीप्रमाणेच येतात. तुर्भ्याला येत नाहीत. सायरस भट्टी २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली.

७. बाहेर पडण्याची वाट

कराराचे दहावे कलम सांगते की, असाधारण घटनांमुळे आपल्या सर्वोच्च हितास बाध येतो असे ज्या राष्ट्राला वाटेल त्याने तीन महिन्यांची सूचना देऊन बाहेर पडावे. १९९३ मध्ये उत्तर कोरियाने अशी सूचना दिली, आणि मुदत भरायला एक दिवस उरला असता ती तहकूब ठेवली. दहा वर्षांनी, जानेवारी २००३ मध्ये, त्याने पुन्हा बाहेर पडल्याचे जाहीर केले आणि असा युक्तिवाद केला की, नव्वद दिवसांपैकी बहुतेक मागेच भरलेले आहेत, आता एकच दिवस उरला आहे! कुळकायद्याच्या वकिलालाही हेवा वाटावा असा हा मुद्दा होता. ९ ऑक्टोबर २००६ रोजी त्या देशाने पहिला स्फोट केला.

स्वतः बाँब करून मग उलट दिशेने चाललेला प्रवासी एकच, दक्षिण आफ्रिका. त्या देशाने गुप्तपणे सहा बाँब पूर्ण केले, ते स्वतःच्या हातांनी मोडले, १९९१ मध्ये करारावर सही केली, आणि हे सर्व झाल्यानंतर मार्च १९९३ मध्ये अध्यक्ष डी क्लर्क यांनी संसदेत त्याची कबुली दिली. तपासनिसांपुढे तेव्हा एक अपूर्व काम येऊन पडले. आजवर ते असलेल्या मालाची रुजवात घालीत. आता त्यांना कित्येक वर्षांच्या जुन्या रोजकीर्दी चाळून, मोडलेल्या बाँबांतले युरेनियम कारखान्यात निघालेल्या युरेनियमाशी जुळते की नाही, म्हणजे सातवा-आठवा कुठे दडविलेला नाही ना, हे ठरवायचे होते. हिशेब जुळला.

८. मुदत नसलेला रोखा

उपऱ्यांनी आपले देणे मोहोरा-कॅमेऱ्यांनिशी, वर्षानुवर्षे, ग्रॅमपर्यंत चुकते केले. मिरासदारांचे देणे सहाव्या कलमात आहे, आणि त्या कलमात तारीख नाही. वाटाघाटी सद्भावपूर्वक कराव्या एवढेच तेथे म्हटले आहे. कधीपर्यंत, कोणापुढे, न केल्यास काय, याविषयी अक्षर नाही. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास जगात सुमारे ७०,००० अण्वस्त्रे होती, आज सुमारे १२,००० आहेत, ही घट थोडी नव्हे. पण ती बहुतांशी अमेरिका आणि रशिया यांच्या आपसांतील तहांनी आणि शीतयुद्धाच्या समाप्तीने झाली. प्रसारबंदीचा करार मुळात २५ वर्षांचा होता. १९९५ मध्ये ती मुदत संपली तेव्हा उपऱ्यांच्या हातात एकदाच, काही आठवडे, तराजूची दांडी आली होती. त्यांनी करार बेमुदत चालू ठेवण्यास संमती दिली आणि तीही सोडून दिली. पुढल्याच वर्षी सर्व स्फोटचाचण्यांवर बंदी घालणारा स्वतंत्र करार सहीसाठी खुला झाला. तो अमलात येण्यास नावानिशी नमूद केलेल्या ४४ राष्ट्रांची मान्यता आवश्यक असल्यामुळे, आणि त्यांतील काहींनी ती न दिल्यामुळे, तो अद्याप अधांतरी आहे. भारताच्या प्रतिनिधी अरुंधती घोष यांनी जिनिव्हात त्याला निक्षून नकार दिला, आताही नाही आणि पुढेही नाही. त्यांच्या आक्षेपाचे मूळ याच न घातलेल्या तारखेत होते.

कायद्याची एक बारकी गोष्ट सावकारी व्यवहार पाहिलेल्यांना ठाऊक असेल : वचनचिठ्ठीवर मुदत घातलेली नसली म्हणजे ती बुडत नाही, ती मागताक्षणी देय होते. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ८ जुलै १९९६ रोजी दिलेल्या अभिप्रायात काहीसे असेच सुचविले. निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी सद्भावपूर्वक कराव्या, आणि त्या शेवटास न्याव्या, असे बंधन अस्तित्वात आहे, यावर त्या न्यायाधीशांचे एकमत होते.

मग मागणी कोणी करायची? ती केली मार्शल बेटांनी. पॅसिफिक महासागरातील या चिमुकल्या द्वीपसमूहात अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात ६७ चाचण्या केल्या. त्यांतील १ मार्च १९५४ च्या, १५ मेगाटन शक्तीच्या स्फोटाची राख जपानी मच्छिमारांच्या नौकेवर पडली आणि जगभर हाहाकार उडाला. चाचण्या थांबवा असे आवाहन पंडित नेहरूंनी लोकसभेत केले ते त्यानंतर महिन्याभराने, २ एप्रिलला. स्फोटाच्या त्या पहाटे या बेटांवर नऊ वर्षांचे टोनी डी ब्रम आपल्या आजोबांबरोबर जाळे टाकीत उभे असता सबंध आकाश लाल झालेले त्यांनी पाहिले होते. हेच डी ब्रम पुढे त्या देशाचे परराष्ट्रमंत्री झाले, आणि एप्रिल २०१४ मध्ये त्यांच्या देशाने हेगच्या न्यायालयात नऊही अण्वस्त्रधारी राष्ट्रांविरुद्ध फिर्याद गुदरली.

नवांपैकी या न्यायालयाची सक्ती ज्यांनी पूर्वी मान्य केलेली होती अशी तीनच राष्ट्रे निघाली : ब्रिटन, पाकिस्तान आणि भारत. ज्याने ते ६७ स्फोट केले तो आरोपीच्या पिंजऱ्यात आलाच नाही. १९५४ मध्ये ज्याने ते थांबवा म्हटले तो आला. ५ ऑक्टोबर २०१६ रोजी तिन्ही फिर्यादी निकाली निघाल्या. ब्रिटनच्या प्रकरणात सोळा न्यायाधीशांची मते आठास आठ अशी पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने फिर्याद फेटाळली गेली. न्यायालयाचे कारण असे होते की, फिर्याद दाखल होण्यापूर्वी उभयपक्षी तंटा अस्तित्वात होता आणि प्रतिवादीला त्याची जाणीव होती असे सिद्ध झालेले नाही. म्हणजे रोख्यावर मागणी आली खरी, पण मागणीपूर्वी नोटीस बजावल्याचा दाखला दप्तरात नव्हता.